तिसऱ्या ओळीतले बी

मित्रांनो, लोकांचे बूट घासून घासून झिजलेला मी एक जुना ब्रश आहे. माझे निम्मे केस गळाले आहेत, पाठीचे लाकूड खाऱ्या वाऱ्याने फुटले आहे, आणि खरे सांगायचे तर आता मला कोणी हातात घेऊ नये असेच वाटते. तरी एकदा सगळे सांगून टाकतो. मनावर ओझे घेऊन खिळ्याला लटकत राहणे फार जड जाते.

माझा जन्म केप टाउनमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे अंध कारागीर ब्रश बनवत. मला बनवले वुयिसिले नावाच्या म्हाताऱ्याने. सगळे त्यांना ताता, म्हणजे बाबा, म्हणत. लाकडात पाच ओळींत भोके पाडायची आणि एकेका भोकात केसांचा झुपका तारेने आवळून बसवायचा, हे त्यांचे काम. शेवटी ते प्रत्येक ओळीत बोट घालून मुळापर्यंत फिरवत. जरासा भुसा लागला तरी उपसून काढत. शेजारचा कारागीर वैतागून म्हणायचा, "ताता, बूट घासायचा ब्रश आहे तो. नवरीची फणी नाही!"

"गप रे. दुसऱ्याला साफ करणारा आधी आतून साफ नको?" ताता म्हणायचे. त्यांच्या बोटाच्या मला गुदगुल्या व्हायच्या. त्यानंतर कितीतरी वर्षे माझ्या केसांत कोणी बोट घातले नाही.

कारखान्यातून मी जहाजावर आलो. आमचे जहाज वर्षातून एकदा दक्षिणेच्या गारठ्यात, ज्वालामुखीतून वर आलेल्या दोन बेटांकडे जाते. मोठ्या बेटावर अभ्यासकांचा तळ आहे. तिथे वर्षभर राहिलेली तुकडी परत निघते आणि नवी उतरते. धाकट्या बेटावर कोणीच राहत नाही. तिथे चार वर्षांतून एकदा, मोजक्या चार माणसांना, चारच दिवस पाय ठेवता येतो.

त्याला कारण आहे. मोठ्या बेटावर पूर्वी सील नावाचे समुद्री प्राणी मारायला येणाऱ्या जहाजांतून उंदीर उतरले. ते आता घरट्यात बसलेल्या, अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांना जिवंत कुरतडतात, आणि पिल्लू जागचे हलत नाही. शत्रू म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवलेलेच नाही. माणसांच्या बुटांना चिकटून परके गवतही आले आणि तळाभोवतीचे शेवाळ त्याने गिळून टाकले. धाकट्यावर उंदीर नाही आणि ते गवतही नव्हते. नव्हते म्हणतो, कारण पुढे माझीच गोष्ट येते.

तर हेलिकॉप्टरमध्ये चढण्याआधी प्रत्येकाला जहाजावरच्या एका बाकावर बसावे लागे. तिथे देवाल्डकाका बसलेले असत. चाळीस वर्षे समुद्रावर काढलेला तो तापट म्हातारा. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात मी. बुटांच्या खाचा, मोज्यांचे काठ, खिशांचे कोपरे, काही सुटायचे नाही. मग वहीत नाव आणि सही. एकदा एक बडे साहेब आले आणि उभ्यानेच म्हणाले, "माझे बूट स्वच्छ आहेत. मी खात्याचा संचालक आहे."

"असाल की," काका म्हणाले. "पण बुटांना कुठं ठाऊक? बसा आणि पाय वर करा."

साहेबांच्या टाचेतून तीन कुसळे निघाली. त्या दिवशी सगळे जहाज हसले. परतीच्या वाटेवर डेकवर मांस भाजताना काकांनी मला उंच धरून सगळ्यांना दाखवले होते. "हा पठ्ठ्या आहे म्हणून बेट आहे," असे ते म्हणाले. मी किती फुशारलो म्हणून सांगू! ती फुशारकी आज मला डाचते.

झिम्खिता पहिल्यांदा आमच्या बाकावर बसली तेव्हा ती काकांना चिमटा पुढे करू देईना. स्वतःच बुटांच्या शिवणी फाकवून बघत होती. ती वनस्पतींची अभ्यासक होती. धाकट्या बेटावर जायला मिळावे म्हणून तिने आठ वर्षे वाट पाहिली होती. तिथल्या विवराखालच्या उतारावर फक्त तिथलीच झाडे उगवत, आणि तो उतार तसाच राहावा एवढे एकच तिला हवे होते. तो बिघडला तर पुन्हा करता येणार नाही, हे ती जेवतानाही बोलायची. लोक कंटाळून ताट घेऊन दुसरीकडे बसत.

धाकट्यावर जाताना सगळे नवे कोरे न्यायचे असा नियम होता. बूट, तंबू, पिशव्या, अगदी मोजेसुद्धा सीलबंद. बूट घासायलाही नवा ब्रश ठेवला होता. पण निघताना देवाल्डकाकांनी तो काढून घेतला आणि मला तिच्या हातात दिले.

"हा घे पोरी. तो नवा नुसता शोभेचा आहे, खाचेत शिरत नाही. हा माझ्या विश्वासातला."

"काका, पण सगळं नवंच न्यायचं असतं ना?"

"अगं, साबणाला कोणी साबण लावतं का?"

ती हसली. काकांच्या शब्दापुढे तिनेही पुढे काही विचारले नाही. आमची चूक तिथे झाली, मित्रांनो. हजारो बूट तपासणाऱ्या त्या बाकावर एकच वस्तू कधी तपासली गेली नव्हती.

धाकट्या बेटावर ते चार दिवस मी स्वर्गात होतो. एका ओढ्याकाठून दुसरीकडे जाताना झिम्खिता बूट घासायची आणि तंबूजवळच्या एका काळ्या सपाट दगडावर मला ठक ठक आपटून झाडायची. पक्षी इतके निर्धास्त की माझ्या आवाजाने मान वळवून बघत, एवढेच.

चार वर्षांनी ती पुन्हा तिथे गेली. या वेळी मी बाकावरच होतो. परतली तेव्हा तिच्या हातात सीलबंद पिशवी होती आणि पिशवीत मुळांसकट उपटलेले गवत. तळाभोवती वाढते ते, परके.

"कुठं मिळालं?" काकांनी विचारले.

"तंबूच्या दगडाजवळ. भाकरीएवढा तुकडा झालाय. फुलोराही येऊन गेलाय, काका. बी पडलंय."

काकांनी जुनी वही आणली आणि एकेक सही दाखवली. "हे बघ. चार माणसं, आठ बूट. माझ्या बाकावरून बी जाणं शक्यच नाही. वाऱ्यानं आलं असेल, नाहीतर पक्ष्यानं आणलं असेल."

झिम्खिताने पिशवी बाकावर ठेवली. तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला उचलले, उलटे धरले आणि पहिल्या ओळीत बोट घातले. तातांच्या बोटानंतर ते पहिले बोट होते. दुसरी ओळ झाली. तिसऱ्या ओळीत, अगदी मुळाशी, तिचे नख अडकले. वाळलेल्या चिखलाचा खडा निघाला. तो पांढऱ्या कागदावर फुटला, आणि त्यात त्याच गवताच्या पाच बिया होत्या.

काकांनी वाकून त्या बिया एकेक करून मोजल्या. मग त्यांनी वही ओढली, सगळ्या नावांच्या खाली स्वतःचे नाव लिहिले आणि सही केली. "मीच पाठवलं की गं," एवढेच म्हणाले. त्यांना रडताना मी त्या एकाच दिवशी पाहिले. झिम्खिता त्यांच्याशेजारी बाकावर बसली. "हातात मी घेतला होता, काका. मीही नाही बघितला," असे म्हणून तिने त्यांच्या नावाखाली आपले नाव लिहिले.

आता खास परवानगीने ती दरवर्षी दोन दिवस तिथे जाते आणि गुडघ्यांवर बसून कोंब उपटते. जिथे माणसाने पाऊल टाकू नये, तिथे माझ्यामुळे दरवर्षी पावले पडतात. तिचे गुडघे आता कुरकुरतात. देवाल्डकाका निवृत्त होऊन घरी असतात. जहाज तिथून निघाले की त्यांचा एकच निरोप येतो, "किती?" पहिल्या वर्षी तिने कळवले, दोनशे बारा. मग नव्वद. मग एक्केचाळीस. गेल्या वर्षी पुन्हा सत्तावन्न.

मला फेकू नका असे तिनेच सांगितले. बाकावरच्या खिळ्याला मी लटकतो. नव्या ब्रशांना रोज उकळत्या पाण्यात घालतात, आणि बाकावर बसणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पाचही ओळींत बोट फिरवतो, मगच बूट वर करतो.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे, त्याच्याही केसांत एकदा बोट घालून बघा. त्याला राग येणार नाही. माझ्या केसांत वेळेवर कोणी बोट घातले असते, तर मी आज तुम्हाला हे सांगत बसलो नसतो.

आज जहाज पुन्हा बेटांपाशी आले आहे. झिम्खिता धाकट्यावर उतरली असेल. मी खिळ्यावर आकड्याची वाट बघतो आहे. तो शून्य आला की मला उतरवा आणि जाळून टाका. त्याआधी नको.