नाल्यापलीकडच्या बाटल्या

रुखमाने गाळात रुतलेली बाटली ओढून काढली, झटकून पोत्यात टाकली आणि नाल्यापलीकडच्या जंगलाकडे तोंड करून हाक दिली.

“वच्छले, ओऽऽ!”

मग तिने आणखी दोनदा हाक दिली.

मोहफुलं वेचायला गेल्यावर टोलीतल्या, या जंगलालगतच्या छोट्या वस्तीतल्या बायका एकमेकींना अशीच हाक देतात. माणूस दिसलं नाही तरी ओ आली की समजायचं, ठीक आहे. वच्छला रुखमाची धाकटी जाऊ. आज ती तिसऱ्या हाकेलाही गप्प होती.

रागावली असेल, रुखमाला वाटलं. रागवायला कारणही होतं. थंड्याच्या बाटलीमागे दुकानदाराने दोन रुपये जादा घ्यायचे आणि रिकामी परत आणली की ते द्यायचे, असा नियम झाल्यापासून टोलीचं रूपच पालटलं होतं. जो नाला बाटल्यांनी तुंबून पावसाळ्यात घराघरांत शिरायचा, त्याचा तळ दोन महिन्यांत दिसू लागला. आजवर लाथेने उडवलेल्या त्या बाटल्यांवरून आता जावाजावांत जुंपली. शेवटी काल रुखमाने थोरलेपणाचा तोरा मिरवत वाटणी केली. टोलीकडचा काठ आपला, जंगलाकडचा वच्छलाचा. सहलीला येणारे तिकडेच पिऊन फेकतात, तुलाच जास्त मिळतील, असंही वर ऐकवलं. तिकडे एकटीने जायची आपल्याला भीती वाटते, एवढं मात्र सांगितलं नाही.

पोतं उचलायला ती वाकली आणि तिला पंजा दिसला. पूर्वी इथे नुसता कचरा असायचा. आता उघड्या गाळात तो स्वच्छ उमटला होता, ताटलीएवढा. त्यात अजून पाणी झिरपत होतं. बोटं जंगलाच्या दिशेने होती.

वाघ वच्छलाच्याच बाजूला गेला होता. घर शंभर पावलांवर होतं. तिने एकदा घराकडे पाहिलं, पोतं तिथेच टाकलं आणि खालच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून नाला ओलांडून, लांबचा वळसा घेत जंगलात शिरली.

वच्छला ऐनाच्या झाडाला पाठ लावून उभी होती. तोंडाचा रंग उडालेला. रुखमाला पाहताच तिने ओठांवर बोट ठेवलं.

“ओ काऊन नाई दिली वं?” रुखमा कुजबुजली.

“दिली असती तं तू सरळ माह्याकडे आली असती, बाई. मधात तो बसून होता.”

वच्छलाने मानेने दाखवलं. नाल्याकाठची रायमुनियाची झुडपं हलत होती. वाघ उठला होता आणि सावकाश टोलीकडे निघाला होता.

तेवढ्यात टोलीकडच्या काठावरून रुखमाच्या लेकीचा, रोशनीचा आवाज आला.

“आई, कुठी हाये तू? ओ दे ना!”

वच्छलाने रुखमाच्या तोंडावर हात दाबला.

“बोलू नोको. आवाजाकडे येईन थे पोरगी.”

हाक पुन्हा आली. आता ती जवळून आली. रुखमाने जावेचा हात झिडकारला.

“तू बोलली नाई म्हणूनच तं मी आली!”

आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली, “रोशनी, घरी पळ! वाघ हाये!”

झुडपं हलायची थांबली. मग पुन्हा हलू लागली, या खेपेस त्यांच्याकडे. पलीकडे पोरगी पळाली की तिथेच उभी राहिली, काही कळेना. वच्छलाने रुखमाचं मनगट घट्ट धरलं आणि तीही ओरडू लागली.

“रोशनी, पळ वं! पळ!”