वाचवलेला ओठ

औषधाच्या रिकाम्या बाटलीत दाढेचे तुकडे पडले होते – कपाचा कान मोडावा तसा एक मोठा, बाकी बारीक कपच्या – आणि एवढ्याशा ऐवजासाठी आपण सकाळभर आ वासून पडलो होतो याचं त्याला नवल वाटत होतं. वाटत होतं ते डोक्यातच. चेहऱ्यावर उमटायला डावी बाजू हजर नव्हती. खालचा ओठ टेबलाच्या काचेत दिसत होता, किंचित लोंबता, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. गालात बोळा, बोळ्यावर दात, आणि दात उघडायचे नाहीत अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद. बायको समोर बसून मुगाच्या शेंगा सोलत होती. बाटली तिनेच दवाखान्यातून मागून आणली होती. कशाला, ते त्याने विचारलं नव्हतं. विचारता येत नव्हतं, आणि ही सोय त्याला मनातून बरी वाटत होती.

बाईंनी मागच्या महिन्यात पडद्यावर फोटो दाखवला होता. अक्कलदाढ हाडात आडवी झोपलेली, पुढच्या दाढेला डोकं टेकून, आणि तिची मुळं खालून जाणाऱ्या नसेला बिलगलेली. “सगळी काढायची तर निघेल,” बाई म्हणाल्या होत्या, “पण ओढताना नस दुखावली तर ओठ आणि हनुवटी बधिर. काही महिने, कधी कायमची. दुसरा मार्ग म्हणजे नुसतं वरचं डोकं कापून काढायचं आणि मुळं आहेत तिथेच सोडायची. हाड वरून भरून येतं. तोटा एवढाच, की मुळं पुढे कधी कुरकुरली तर पुन्हा यावं लागेल.” मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “ओठाचं काही काम असतं का तुम्हाला? शिकवता, गाता, वाजवता?”

“क्लॅरिनेट,” तो म्हणाला.

नुसतं एवढंच. ‘वाजवतो’ असं काही तो म्हणाला नव्हता – विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्याची हयात गेली होती, आणि खोटं न बोलता खोटं कसं सांगावं हे त्याच्या टेबलावर रोज कुणी ना कुणी शिकवून जायचं. पण बाईंचा चेहरा असा उजळला, की आता मागे घेणं म्हणजे लहान मुलाच्या हातातून खाऊ काढून घेणं. “मग प्रश्नच मिटला. मुळांना हात लावायचा नाही.” शेजारच्या खुर्चीवर बायको बसली होती. तिने पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

आणि आज, तोंडावर दिवा, कानात गिरमिटाचा आवाज, बाई मदतनिसाला सारख्या बजावत होत्या, “हळू. यांचा ओठ वाजवायचा ओठ आहे.” कपाळावर घाम येईपर्यंत त्या बाईने तो ओठ वाचवला… कपाटाच्या माळ्यावर प्रवासी बॅगांच्या मागे पडलेल्या एका काळ्या पेटीसाठी, जिच्यातल्या क्लॅरिनेटच्या सांध्यांवरच्या बुचांचा भुगा झाला होता, आणि जी मुलगी जन्मल्यापासून – ती मुलगी आता नोकरीला लागून आईबापाला व्यायामाचे सल्ले पाठवते – कुणी उघडली नव्हती.

“फुंकर मारायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही,” बायको शेंग मोडत म्हणाली, “आणि क्लॅरिनेट महिनाभर बंद.” तिने दाणे वाटीत सोडले. “धरवेल ना दम?”

“हं,” तो बोळ्यातून म्हणाला.

हाड मुळांना पोटात घेतं, वरून काही दिसत नाही… आयती उपमा मनाच्या दारात येऊन उभी राहिली होती. त्याने तिला बसायला सांगितलं नाही. पण तीही घरचीच. आपली आपण आत आली.

लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट. शहराच्या वाद्यवृंदासाठी निवड होती. खोकल्याच्या गोळ्या चघळणारा म्हातारा संचालक डोळे मिटून ऐकत होता, आणि शेवटी डोळे उघडून म्हणाला, “स्वच्छ वाजवता.” वाईट म्हणाला असता तर भांडता आलं असतं. स्वच्छ! भांडी स्वच्छ असतात. सोमवारी दुसऱ्या फेरीला बोलावलं होतं. सोमवारी तो दिवसभर बागेत बसला आणि संध्याकाळी मित्रांना म्हणाला, नवीन संसार आहे रे, घरात आवाज चालत नाही तिला. मित्रांनी माना डोलावल्या. बायको हे कारण कुणी तपासत नाही. त्याला पुरावा लागत नाही. पुढे त्याने तेच ताईला सांगितलं, आईला सांगितलं, आणि सांगता सांगता एक दिवस पेटी माळ्यावर गेली तेव्हा त्याला खरोखरच थोडा त्याग केल्यासारखं वाटलं.

आणि तो वाजवायला बसला की ती स्वयंपाकघरातला नळ बंद करायची. भांडी तशीच साबणात ठेवून. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

“तुमच्या ताईंनी मला तेव्हाच विचारलं होतं,” बायको शेंगेकडे बघत म्हणाली, “तुला म्हणे आवाजाचा त्रास होतो.”

बोळ्यावरचे दात सैल झाले.

“बोलू नका. अजून वेळ आहे.” ती पुढची शेंग निवडत होती. “मी म्हटलं, हो, होतो. डोकंच उठतं.”

त्याने हात वर केला. हाताने काय विचारायचं असतं ते न कळून पुन्हा टेबलावर ठेवला.

“मग काय. तुमच्या घरी कुणी गायला बसलं की सगळे आधी माझ्याकडे बघायचे, ही आता उठून जाते की काय. तुमच्या मामांनी तर एकदा माझ्यासाठी रेडिओ बंद केला. मला ते गाणं आवडायचं.” ती हसली नाही, चिडलीही नाही. “त्या सोमवारी परत आलात तेव्हा बुटांना गवत होतं. मला वाटलं, सांगतील. आज ना उद्या.”

दाणे वाटीत पडत राहिले. वर्षानुवर्षं आपण एक लबाडी एकट्याने पोसतो आहोत अशा समजुतीत तो होता, आणि तिचं निम्मं ओझं समोरची बाई शेंगा सोलता सोलता वाहत होती… स्वतःच्याच नावावर.

सालं टाकून, हात धुऊन ती आली, त्याच्या गालातला बोळा अलगद काढला, बघितला, कागदात गुंडाळला. “आता बोलायला हरकत नाही.”

तोंड मोकळं होतं. त्याने ते उघडलं. “मी…” आणि ओठ मध्येच घसरला, शब्द त्याच्यावरून ओघळला, तिने रुमाल पुढे केला.

“राहू द्या. आधी ओठ जागा झाला का ते बघू. डोळे मिटा. कापूस लावला की बोट वर करायचं, बाईंनी सांगितलंय.”

त्याने डोळे मिटले. तिला चांगली बातमी द्यावी, निदान एवढी तरी द्यावी, असं त्याच्या मनात फार दाटून आलं. त्याने बोट वर केलं.

“अजून लावला नाही मी.”

बोट खाली आलं. अंधारात पंखा फिरत होता. ती जवळ होती, तिचा श्वास कळत होता, कापूस कुठे होता ते कळत नव्हतं. स्वयंपाकघरातून काहीच आवाज येत नव्हता – हात धुतल्यावर तिने नळ घट्ट बंद केला असावा. ओठाच्या कडेला मुंगी चालल्यासारखं काहीतरी झालं, बाहेरून की आतून… त्याने बोट टेबलावर दाबून धरलं. आणखी थोडं थांबू. खरंच कळेपर्यंत.

“काही कळतंय का?” तिने विचारलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. शब्द वाकडातिकडा निघाला, पण निघाला.

“बरं,” ती म्हणाली, आणि तिचा हात जिथे होता तिथेच राहिला.