डॉक्टरसाहेबांचं बाळंतपण

आसाराम काही डॉक्टर नव्हता. जामखेडात तो आधी औषधाच्या दुकानात कंपाउंडर होता, मग दुकानाचा मालक झाला. पुढं दुकानामागं सहा खाटा टाकून त्यानं दवाखाना काढला आणि नगरहून पगारी डॉक्टर आणला. स्वतः मात्र गळ्यात नळी अडकवून दारात बसायचा. लोक त्यालाच डॉक्टरसाहेब म्हणू लागले, आणि त्यानं कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

नर्स मनकर्णानं त्याच्याकडं नऊ वर्षं काढली होती. याला धड शीर सापडत नाही, हे तिला ठाऊक होतं. सलाईनमध्ये ताकदीचं पिवळं इंजेक्शन मिसळायचं आणि पेशंटला ‘भारी बाटली’ म्हणून लावायची, एवढीच त्याची विद्या.

बाहत्तरच्या आमदारकीच्या निवडणुकीला तो उभा राहिला. पांढऱ्या साडीतल्या मनकर्णाला जीपमध्ये बसवून त्यानं गावोगाव फिरवलं. "तालुक्यात सरकारी बाळंतपणाचा दवाखाना आणतो! विचारा आमच्या सिस्टरला!" असं तो गरजायचा. मनकर्णानंही बायांचे हात धरून मतं मागितली. बैलगाडीत अडलेल्या बाया वाटेतच गेलेल्या तिनं पाहिल्या होत्या. माणूस पोकळ असला तरी दवाखाना तर होईल, असं तिला वाटलं.

आसाराम निवडून आला. सहा महिन्यांनी तिनं दवाखान्याचं विचारलं तेव्हा तो हसला.

"सरकारी दवाखाना झाला तर आपल्या खाटांवर कोण झोपंल, सिस्टर? मीच कळवलंय वर, इथं खासगी सोय चांगली आहे म्हणून."

नोकरी सोडावी असं मनकर्णाला वाटलं. पण विधवा बाई, जाणार कुठं? ती कामावर येत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या दुष्काळी कामावर आमदारसाहेब पाहणीला आले. सोबत फोटोवाला होता, गोळ्या वाटायला मनकर्णा होती. तेवढ्यात खडी फोडता फोडता छबूबाई कळा येऊन खाली बसली. तिची सासू साळूबाई धावत आली आणि तिनं आमदाराचे पायच धरले.

"डॉक्टरसाब, देवासारखं आलात! माज्या सुनंला बगा की!"

चारशे माणसं कामं टाकून गोळा झाली. आसारामच्या टोपीखालून घाम ओघळला.

"जामखेडला दवाखान्यात न्या हिला. मला मीटिंग आहे."

"कशात नेऊ, साब? तुमच्या जीपबिगर गाडी कुटं हाय हितं?"

मनकर्णानं तांब्या पुढं केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, हात धुवून घ्या. मी पाणी घालते."

आसाराम दोन पावलं मागं सरला, मग चार, आणि जीपच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. मनकर्णानं त्याच्याकडं पुन्हा बघितलंसुद्धा नाही. बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला. नाळ बाळाच्या मानेभोवती गुंडाळली होती. तिनं बोट घालून ती अलगद सोडवली, पाठ चोळली, आणि पोर रडली.

रडणं ऐकताच आमदार परत आले. पुसलेली, गुंडाळलेली पोर त्यांनी हातात घेतली आणि फोटोवाल्याकडं बघून हसले. चार दिवसांनी पेपरात छापून आलं, ‘डॉक्टर आमदारांच्या हस्ते कामावर सुखरूप प्रसूती.’

मग आमदारांचा सत्कार ठरला. हाराखाली मान वाकवून आसाराम बसला, आणि दोन शब्द बोलायला मनकर्णाला उभं केलं.

"साहेब त्या वेळी जीपमागं होते," ती म्हणाली. "छबूबाईचं बाळंतपण मी केलं. साहेब डॉक्टर नाहीत, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी मी तुमच्याकडं मतं मागितली. ती माझी चूक झाली."

मंडपातल्या माना मागं वळल्या. मागून साळूबाईचाच आवाज आला, "खरं हाय तिचं! म्या हुते तितं!"

दुसऱ्या दिवशी मनकर्णाची नोकरी गेली. आसारामचं मात्र काही बिघडलं नाही. मुंबईत त्याला आरोग्याच्या कसल्याशा समितीवर घेतलं, आणि तिथंही कुणी त्याला कुठं शिकलात म्हणून विचारलं नाही.

साळूबाईनं आपल्या घराची पुढची खोली चुन्यानं रंगवून मनकर्णाला दिली. पहिल्याच महिन्यात तिथं अकरा बाया बाळंत झाल्या. त्यातली एक तर आसारामच्या सख्ख्या भावाची सून होती. मागच्या दारानं आली, तोंडावर पदर ओढून. मनकर्णानं तिला आत घेतलं. पाणी तापत ठेवलं आणि म्हणाली, "ये बाई, आडवी हो."