मंगळवारची हजेरी

अण्णांना जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते, तेव्हा त्यांच्या कार्यालयाचं पत्र आलं. पाकिटावर ‘कै. रामकिसन साबळे यांचे वारस’ असं लिहिलं होतं. म्हणजे मी, त्यांची मुलगी.

सांत्वनाचं एक वाक्य, आणि मग मुद्दा. पाचोडच्या एका मयत शिपायाच्या मुलीच्या अनुकंपा नियुक्तीची नस्ती, म्हणजे फाईल, सापडत नाही. अठरा मार्चला ती वरिष्ठ लिपिक साबळे यांनी सही करून घेतली होती. घरी असल्यास सात दिवसांत जमा करावी. अन्यथा गहाळ केल्याची जबाबदारी त्यांच्यावर निश्चित करून सेवापुस्तकात तशी नोंद घेतली जाईल.

एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात अण्णांवर एकही शेरा नव्हता. आता पहिला बसणार होता, आणि खुलासा मागायला माणूसच नव्हता. इतका सोयीचा लिपिक दुसरा मिळाला नसता.

मी कॅलेंडर पाहिलं. अठरा मार्च मंगळवार होता. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिसचे. त्या दिवशी सकाळी नऊपासून दोनपर्यंत मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले होते आणि नंतर त्यांना घरी आणलं होतं. दवाखान्याचा कागद मी पर्समध्ये टाकला.

कार्यालयात मला बघताच अधीक्षक गयास साहेब उठून उभे राहिले. “या ताई, बसा. चहा सांगतो. अण्णा म्हणजे आमच्यासाठी बडे भाई.”

“चहा नको. नोंदवही बघायची आहे.”

“बघा ना. लपवायचं काय त्यात?” ते हसले. “ऑफिसात नस्ती हरवत नसते ताई, नुसती टेबल बदलते.”

नस्ती कोणाच्या टेबलावर गेली हे लिहायच्या त्या वहीत अठरा मार्चच्या ओळीत अण्णांची सही होती. जवळपास अण्णांची. अण्णा सही करताना पेन दाबायचे, कागद मागून उमटायचा. मी पान उलटलं. मागची बाजू गुळगुळीत होती.

“ही त्यांची सही नाही. ते त्या दिवशी दवाखान्यात होते.” मी फोनवर पानाचा फोटो घेतला. गयास साहेबांनी अडवलं नाही, याचंच मला जास्त नवल वाटलं.

“फोटो कुठं देणार?”

“मोठ्या साहेबांना. दवाखान्याचा कागद लावून.”

“द्या. तुमचा हक्कच आहे.” त्यांनी कपाटातून हजेरीपट काढून माझ्यापुढे ठेवला. “पण आधी हे बघून घ्या.”

मार्चमधल्या प्रत्येक मंगळवारी अण्णा हजर होते. प्रत्येक शुक्रवारीसुद्धा. फेब्रुवारीत, जानेवारीत, मागे थेट ऑगस्टपर्यंत. सगळ्या सह्या त्याच हलक्या हाताच्या.

मला अण्णांनी सांगितलं होतं, विशेष रजा मंजूर झालीय. मी विचारलंही नव्हतं.

शेजारच्या टेबलावर कीबोर्डचा आवाज थांबला होता. तिथं सगीरा मॅडम बसतात, कनिष्ठ लिपिक. आजारपणात दोनदा घरी येऊन गेल्या होत्या, खिचडीचा डबा घेऊन.

“रजा संपली होती त्यांची,” त्या स्क्रीनकडेच बघत म्हणाल्या. “पावसाळ्यातच संपली. बुधवारी येऊन मंगळवारचं काम काढायचे ते. मीच म्हटलं, अण्णा, मी करते सही. नाय म्हणत होते. लई दिवस नाय म्हणले.”

“आणि नस्ती?”

“त्या दिवशी आली तर माझ्याच हातात दिली. हजेरीवर ते हजर, मग वहीत गैरहजर कसे दाखवू? त्यांच्या खालच्या खणात ठेवली. बुधवारी सांगितलं त्यांना. खरंच सांगितलं, मोनाली.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. खरं असेल. खोटं असलं तरी त्या याच आवाजात बोलल्या असत्या.

“आता तुमचा कागद वर गेला,” गयास साहेब हळू आवाजात म्हणाले, “तर नस्तीचा ठपका सुटेल. पण खोट्या हजेरीचा लागेल अण्णांना. आणि हिला घरी जावं लागेल. हिच्या घरात कमावणारी ही एकटीच.” मग खण उघडून त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला. “म्हणून म्हटलं, तुम्हाला त्रास नको. सदर नस्ती घरी आढळून येत नाही, विभागाचा निर्णय मान्य राहील. खाली सही करा, झालं.”

कागदावर माझं पूर्ण नाव होतं. तारीख कालची होती.

मी इथं येणार हे काल माझंच ठरलेलं नव्हतं. घाई सगीरा मॅडमला असायला हवी होती. ह्यांना का?

अण्णांच्या टेबलावर आता सत्यम नावाचा नवा लिपिक बसला होता. मी त्याच्याजवळ गेले. “या टेबलाचा चार्ज तुम्हाला कोणी दिला?”

तो गोंधळला. “मी आलो तेव्हा खण रिकामेच होते, मॅडम. चार्ज यादी नाय मिळाली.”

माणूस मेला की त्याच्या टेबलाचा चार्ज एकतर्फी घेतात. अधीक्षकांच्या आदेशाने, दोन पंच उभे करून, खणातल्या एकेका कागदाची यादी करून. एक सहकारी गेला तेव्हा अण्णा स्वतः पंच होते. जेवायच्या वेळी घरी आले नव्हते, म्हणून मला माहीत.

मी कोरा कागद मागून घेतला आणि उभ्यानेच लिहिलं. सदर नस्ती घरी नाही. श्री. साबळे यांच्या निधनानंतर त्यांच्या टेबलाचे खण कोणी, कधी व कोणाच्या आदेशाने रिकामे केले, त्या पंचनाम्याची व यादीची प्रत मिळावी. ती मिळेपर्यंत जबाबदारी निश्चित करू नये. अर्जदार मुलीची नस्ती तूर्त दुय्यम प्रतींवरून नव्याने तयार करावी.

मंगळवारचं मी काही लिहिलं नाही. दवाखान्याचा कागद पर्समध्येच राहिला. अण्णांशी त्याबद्दल भांडायचं होतं, ते आता जमणार नव्हतं.

गयास साहेबांनी दोनदा वाचलं. पहिल्यांदाच ते ‘ताई’ म्हणायला विसरले.

“हे पंचनाम्याचं वाक्य लागतंय का?”

“लागतंय.”

“उगीच वाढेल प्रकरण.”

“वाढू द्या. पोच द्या मला.”

त्यांनी शिक्का ओढून घेतला, शाई लावली, आणि तो कागदावर तसाच अधांतरी धरून सगीरा मॅडमकडे बघितलं. त्या आता टाइप करत नव्हत्या. त्याही त्यांच्याचकडे बघत होत्या, मी बघत होते तशाच.