बॅटरी काढलेली तार

मित्रांनो, मी बॅटरीच्या विजेवर चालणारी कुंपणाची एक जुनी तार आहे. अमेरिकेतल्या युटाच्या डोंगरात टीव्ही मालिकेचं चित्रीकरण चाले, तेव्हा अस्वल बाहेर येऊ नये म्हणून गवतात माझं रिंगण आखत. आत रानात एकट्या राहणाऱ्या दाढीवाल्याची आणि त्याच्या अस्वलाची गोष्ट घडे. बाकीची माणसं कॅमेरे घेऊन बाहेर.

पाळीव अस्वल टॅन्सी. लहानपणी तिला माझे झटके बसले होते. तेव्हापासून मी दिसले की ती जागच्या जागी थांबे. टॅन्सीला आत आणताना तिला सांभाळणारी व्हर्ना आधी मला उचलून बाजूला करी. तेव्हा माझं केवढं कौतुक होतं!

पुढे आवाज टिपणारा कुरकुरू लागला. "बाई, तुझी तार टिकटिक करते. बॅटरी काढ ना!"

"काढते बाबा. आमची टॅन्सी आता सुतळीलासुद्धा घाबरते," व्हर्ना हसून म्हणाली.

मी नुसती दिसायला उरले. पानं पिवळी पडली. थंडीआधी पोट भरायला रानातली अस्वलं हिंडू लागली. त्यांना माझा झटका ठाऊक नव्हता, आणि इथे दाढीवाल्याचं काम करणाऱ्या डेलच्या गालाला रोज मध लावत होते. टॅन्सीने तो चाटला की पडद्यावर माया दिसे. मला मात्र धडकी भरे.

एके दुपारी डेल मध लावून ओंडक्यावर बसला होता. झाडांतून अस्वल आलं.

"वा, आज राणीसाहेब वेळेवर!" दिग्दर्शक कुजबुजला. "चालू करा कॅमेरा!"

अस्वल मला ओलांडून आत आलं. टॅन्सीने मला कधीच ओलांडलं नव्हतं! मला ओरडायला तोंड नव्हतं.

गाडीपाशी उभ्या व्हर्नाचा आवाज अगदी हळू आला. "डेल, हलू नकोस. टॅन्सी इथे माझ्याजवळ आहे."

डेलने डोळे मिटले. अस्वलाने त्याचा गाल चाटला, मान हुंगली. व्हर्नाने गाडीतली मधाची बादली झाडांत लांब भिरकावली, तेव्हा कुठे ते वळलं. डेलला धरून उठवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते रानातलं अस्वल मधासाठी पुन्हा आलं. या वेळी बंदूक तयार होती. गोळी लागून ते माझ्यावरच कोसळलं.

"आम्हीच चटक लावली रे तुला," म्हणत व्हर्ना त्याच्या डोक्याशी बसून रडली.

आदल्या दिवशीचा गाल चाटण्याचा प्रसंग मात्र मालिकेत दाखवला. टॅन्सीला किती माया, म्हणून घरोघरी मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, आता मी कोठारात गंजत पडले आहे. मला पुन्हा पसरायची वेळ आलीच, तर माझ्यात वीज आहे ना, एवढं आधी बघा. नसेल, तर मला इथेच राहू द्या.