दुसरी आंघोळ

"कुंभकोणमला यायचं आणि समई न घेता परत जायचं. माहेरी कळलं तर हसतील मला," याळिनी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. पुटपुटली, म्हणजे तिच्या मते. दोन पावलं पुढे चाललेल्या तिच्या सासूला, सोर्णमला, शब्दन् शब्द ऐकू आला.

"हळू बोल ना," कदिरवन म्हणाला.

"हळूच बोलतेय. दर चौथं दुकान पितळेचं, आणि आपण बघायचंसुद्धा नाही?"

"अप्पा म्हणाले ना, घरी गेल्यावर सेलमला घेऊ."

"सेलमला स्टीलच्या बादल्या मिळतात!"

एरवी सोर्णमला हसू आलं असतं. आज आलं नाही. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, चपलेचा अंगठा सुटायला आला होता, आणि पुढे तिचा नवरा तिल्लैनायगम पांढरं वेष्टी धोतर गुडघ्यापर्यंत दुमडून, मिटलेली छत्री काठीसारखी धरून चालला होता. तीस वर्षं शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्तीनंतर पोरं गेली, शिट्टी गेली, चाल तेवढी राहिली.

"डावीकडे!" मास्तरांनी छत्री वर केली.

"अप्पा, सारंगपाणी समोर आहे. गोपूर दिसतंय की," कदिरवन म्हणाला.

"डावीकडे."

कोपऱ्यावरचा रिक्षावाला सीटवर पाय पसरून हे सगळं बघत होता. त्यानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "पेरियवर, अहो आजोबा, देऊळ सरळ आहे. की अख्ख्या बाजाराला प्रदक्षिणा घालायचा नवस आहे?"

मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं, की शाळेतलं पोर असतं तर मैदानाला चार फेऱ्या मारायला पळालं असतं. रिक्षावाल्यानं पान चघळलं आणि सोर्णमला म्हणाला, "अम्मा, बसा. तुमचे पाय बघवत नाहीत. पैसे नका देऊ."

"नको बाबा," ती म्हणाली आणि डावीकडे वळली. तिच्यामागे मुलगा वळला, सून वळली. कुणी कारण विचारलं नाही. कारण चौघांनाही माहीत होतं.

सरळ गेलं असतं तर बाजारपेठ लागली असती. पेठेत मध्यावर कुमरवेलचं समयांचं दुकान होतं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर कयल्विळी राहत होती, सोर्णमची पहिली, कदिरवनची अक्का. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीतल्या या कुमरवेलशी लग्न करून ती निघून आली होती. सकाळी लॉजवर उतरल्या उतरल्या मास्तरांनी मॅनेजरला बाजूला घेऊन विचारून ठेवलं होतं, पेठ कुठून सुरू होते, कुठे संपते, कुठली गल्ली तिला कुठे मिळते. सोर्णमनं ते ऐकलं होतं. पोटच्या पोरीच्या घराची वाट माणूस इतक्या काळजीनं विचारून घेतो, तीही तिकडे पाऊल पडू नये म्हणून!  

हे दोन दिवसही असेच ठरले होते. मास्तरांना साठ वर्षं पूर्ण होत होती, तेव्हा साठीचं लग्न लावायलाच हवं. होम, कलशाचं पाणी, नवी साडी, नवीन ताली म्हणजे मंगळसूत्र, सगळं पुन्हा. सगळे जातात त्या तिरुक्कडैयूरला म्हणे हॉलच मिळेना, म्हणून कदिरवननं कुंभकोणममध्ये ठरवलं. 'आदल्या दिवशी देवळं बघू, दुसऱ्या दिवशी सोहळा, संध्याकाळी परत. तेवढीच सगळ्यांना हवापालट.' सगळ्यांना विचारून ठरवलं म्हणाला. ज्या बाईचं लग्न लागणार होतं, तिला मात्र कुणी विचारलं नाही. पहिल्या वेळीही विचारलं नव्हतं, पण तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

सारंगपाणीच्या देवळात गार होतं. आतलं मंदिर रथासारखं घडवलेलं, दगडी चाकं, दगडी घोडे. मास्तर सुनेला घोडे दाखवू लागले. "बघ, पाय कसा उचललाय. सावधानमधून एकदम कूच. अंगात जोर बघ."

'जोर आहे, पण शेकडो वर्षांत जागचा हललेला नाही,' सोर्णम मनात म्हणाली आणि खांबाला टेकून खाली बसली. कदिरवन शेजारी येऊन बसला. पाण्याची बाटली पुढे केली.

"तिला सांगितलंस?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

तिनं बाटली घेतली नाही. नुसतं बघितलं.

"अम्मा, आता सुरू करू नकोस ना. उद्याचं सगळं नीट पार पडू दे. फोटोवाला सांगितलाय, व्हिडिओ आहे, अप्पांचे शाळेतले चार मास्तर येतायत. अक्काशी मी बोलतो अधूनमधून, तुला माहितीय. मी कुठे तिला तोडलंय? जरा अप्पांचा मूड चांगला असला की मीच विषय काढेन."

"आठ वर्षांत एक दिवस चांगला नव्हता मूड?"

"तसं नाही गं."

"मग कसं? सांग तरी. तुझी बढती झाली तेव्हा पेढे वाटत फिरत होते, तेव्हा होता की. तुझ्या लग्नात नाचले मांडवात, तेव्हा होता. तिनं तुझी शाळेची फी भरली होती शिकवण्या घेऊन, विसरलास?"

"विसरलो नाही."

"नाही ना? मग नुसतं न विसरून काय उपयोग!"

तिचा आवाज चढला. गाभाऱ्याच्या दारातून मास्तरांनी मागे वळून बघितलं. कदिरवन उठला आणि फोनवर काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखा बाहेर गेला. त्याचा फोन वाजलेला नव्हता.

मास्तरांनी कयल्विळीच्या नावानं आंघोळ केली, तो दिवस सोर्णमला कालच्यासारखा आठवत होता. दुपारची वेळ. कयलचा फोन आला होता, लग्न झालं म्हणून.  मास्तर मागच्या अंगणात गेले, पंप सुरू केला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाइपाखाली उभे राहिले. शेजारची माणसं भिंतीवरून बघत होती. बघावं म्हणूनच तर केलं होतं. मुलगी मेली, तिच्या नावानं पाणी सोडलं. मग निथळत आत आले आणि सोर्णमला म्हणाले, "तूही जा. डोक्यावरून घे." ती न्हाणीघरात गेली, कडी लावली, नळ सोडला. बाहेर पाण्याचा आवाज गेला. मास्तरांना तेवढाच हवा होता. ती बाहेर आली तेव्हा डोक्याला पंचा गुंडाळलेला होता. मास्तर पाटावर बसले होते. "भात वाढ," म्हणाले. तिनं वाढला.

त्यानंतर घरात कयलचं नाव निघालं नाही. सोर्णम दर शुक्रवारी देवीला जायची. देवळामागच्या पिंपळाखाली बसून पोरीला फोन लावायची आणि परत येताना कुंकू घेऊन यायची, मास्तरांच्या कपाळाला लावायला. गेल्या शुक्रवारी कयलनं विचारलं होतं, "अम्मा, आमच्या गावात येताय तुम्ही सगळे. मी येऊ? पाणी घालायला?" साठीच्या लग्नात आईबापांच्या डोक्यावर कलशाचं पाणी घालायचा मान मुलांचा. त्यातही पहिला मान थोरल्याचा.

"सांगते," सोर्णम म्हणाली होती.

संध्याकाळी पुरुष लॉजवर पंख्याखाली पडले. सासूसुना कोपऱ्यावरच्या हॉटेलात डिग्री कॉफी प्यायला गेल्या. पितळेच्या पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात कॉफी ओततओतत याळिनीनं एकदम विचारलं, "अत्तै, अक्काला बोलावलंय की नाही?"

या घरात आल्यापासून तिनं हा प्रश्न विचारला नव्हता. कुणीतरी लग्नाआधीच बजावून ठेवलं असणार.

"तुला कशाला हव्यात चौकशा?"

"मला समई हवीय," याळिनी म्हणाली. "आणि मी त्यांच्याच दुकानातून घेणार. चला, इथून मागच्या बाजूनं गल्ली आहे. दहा मिनिटांत जाऊन येऊ. कुणाला कळणार नाही."

सोर्णमनं पेला इतक्या जोरात ठेवला की कॉफी टेबलावर सांडली.

"कुणाला कळणार नाही! आठ वर्षं तेच करतेय मी. पिंपळाखाली बसून पोरीशी बोलतेय, जसा काही माझा यार आहे. आता तिच्या दारातही मागच्या गल्लीनं जाऊ? चोरासारखी? मुलगी माझी आहे, याळिनी. मी जाईन तर पुढच्या दारानं जाईन, नाहीतर ती येईल पुढच्या दारानं."

"मग जा ना! माझ्यावर का ओरडताय, अत्तै? ओरडायची माणसं तिकडे लॉजवर घोरतायत."

 पोरगी बोलली ते खरं होतं, म्हणून सोर्णमला आणखीच राग आला.

तेवढ्यात कमरेच्या पिशवीत फोन थरथरला. कयल. याळिनीनं नाव वाचलं आणि "मी पैसे देऊन येते" म्हणत उठून गेली.

"अम्मा, तुम्ही दिसलात मला," कयल म्हणाली. "दुपारी, रामस्वामीच्या देवळाच्या वळणावर. मी शिवलेले कपडे आणायला गेले होते. अप्पा पुढे होते, छत्री घेऊन. केस फार पांढरे झाले गं त्यांचे. तू मागे होतीस. चपलेचा अंगठा तुटलाय का तुझ्या?"

"हाक का नाही मारलीस?"

"तू सांगितलं नव्हतंस ना."

सोर्णमनं टेबलावरच्या सांडलेल्या कॉफीकडे बघितलं. माशी येऊन बसली होती.

"उद्या येऊ का, अम्मा?"

"सांगते," तिच्या तोंडून गेलं. इतकी सवय झालेली जीभ! फोन बंद झाल्यावर तिला वाटलं, ही जीभ उपटून या वाटीत ठेवावी.

सकाळी हॉलमध्ये त्यांच्यासारखी आणखी दोन जोडपी होती. तीन होम, तीन गुरुजी, तीन फोटोवाले, आणि धूर सगळ्यांचा एकच. शेजारच्या पाटावर मन्नारगुडीची एक जाडशी, हसरी बाई गळ्यात हार घालून बसली होती. ती सोर्णमकडे वाकून म्हणाली, "पुन्हा हाच माणूस! साडी असती तर दुकानात बदलून तरी दिली असती." तिचा नवरा खो खो हसला. "मीही पावती जपून ठेवलीय म्हणावं!" मागे त्यांच्या पाच मुलींचा घोळका उभा होता, सगळ्या एकमेकींच्या साड्यांच्या निऱ्या सारख्या करत. सोर्णमला त्यांच्याकडे बघवेना.

"अम्मा, थोडं हसा," फोटोवाला म्हणाला.

"कशाला?" तिनं विचारलं. तो गोंधळून मास्तरांचा फोटो काढू लागला.

मास्तर ताठ बसले होते. छान दिसत होते, हे तिलाही कबूल करावं लागलं. होमाच्या धुरानं त्यांचे डोळे ओले झाले होते. रुमाल सापडेना, तर सवयीनं तिच्या पदराचं टोक ओढून त्यांनी डोळे पुसले. छत्तीस वर्षं हा माणूस तिच्या पदराला डोळे पुसत होता. आजारपणात रात्र रात्र तिच्या उशाशी बसला होता. त्याच्याबद्दल काहीच वाटत नसतं तर किती सोपं होतं सगळं. मग एवढा रागही आला नसता.

गुरुजींनी कलशावरचा नारळ उतरवला. दोन बायकांनी जोडप्याच्या डोक्यावर पितळेची चाळणी धरली. तिच्यातून पाणी घालायचं.

"हं, मुलं या पुढे," गुरुजी माइकवर म्हणाले. "पहिलं पाणी थोरल्याचं. थोरलं अपत्य कोण?"

"हा. कदिरवन," मास्तर म्हणाले.

कदिरवन पुढे आला. त्यानं कलश उचलला, दोन्ही हातांनी. आईकडे बघायचं टाळून त्यानं चाळणीच्या भोकांकडे नजर लावली. मागे मास्तरांचे चार मित्र उभे होते. त्यांनाही माहीत होतं, थोरलं कोण ते. एकाची मुलगी कयलच्या वर्गात होती. तो चटकन छताकडे बघू लागला.

सोर्णमनं पाटावरून उठत चाळणी बाजूला सारली. मग तिनं मुलाच्या हातातला कलश काढून घेतला.

"अम्मा, काय करतेस?" कदिरवन कुजबुजला. "व्हिडिओ चालू आहे."

"चालू राहू दे."

"सोर्णम," मास्तर ओठ न हलवता म्हणाले. "खाली बस. लोक बघतायत."

"त्या दिवशीही बघत होते. भिंतीवरून. तेव्हा चाललं तुम्हाला."

गुरुजींनी माइक तोंडापासून दूर केला, पण आवाज जाणार नाही इतकाही दूर नाही. शेजारच्या पाटावरची हसरी बाई हसायची थांबली. दाराशी याळिनी उभी होती. तिच्या हातात अक्काला लावलेला फोन होता आणि ती सासूकडे बघून मान हलवत होती, हो म्हणून.

"तमाशा करू नकोस," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कवायतीचा राहिला नव्हता. "ती मेली आपल्याला. तूही आंघोळ केलीस तिच्या नावानं. आता काय आहे?"

सोर्णमनं कलश खाली ठेवला, सावकाश, पाणी सांडू न देता. आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली,

"मी त्या दिवशी आंघोळ केली नव्हती. पाणी फरशीवर ओतलं मी, सगळं. माझी थोरली मुलगी कयल्विळी जिवंत आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि तिच्या हातचं पाणी आधी पडल्याशिवाय मी तुमच्याशी दुसऱ्यांदा लग्न करणार नाही."