पाऱ्याला न दिसलेला दाब

मित्रांनो, मी एक जुना पाऱ्याचा डबा आहे, बीपी बघायचा. केदारखेड्याच्या वंदना डॉक्टरांच्या दवाखान्यात माझी वीस वर्षं गेली. दंडाला पट्टा बांधून फुगा दाबला की माझा पारा चढे आणि आलेला माणूस माझ्याकडे टक लावून बघे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे एक पद्धत पडली होती. नंबर लावायचा नाही, कंपाउंडर संपतकडून नुसतं बीपी बघून घ्यायचं आणि घरी जायचं. पुंजारामांनी आपल्या बायकोला, गोजरबाईंना, असं तीनदा आणलं. चार पावलं चाललं की त्यांना धाप लागे. तिन्ही वेळा मी एकशेवीस-ऐंशी दाखवलं.

"बीपी तर बराबर हाये. मंग थकवा असंल," म्हणत पुंजाराम त्यांना परत नेत.

चौथ्या वेळी डॉक्टर बाहेर आल्या होत्या. त्यांना गोजरबाईंचे निळसर ओठ दिसले. त्यांनी सुजलेला घोटा अंगठ्याने दाबला, तर खड्डा तसाच राहिला.

"स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवर, कपाशीची पऱ्हाटी जाळून. गॅस हाये, पण त्याच्यावरची भाकर ह्यांना गोड लागत न्हाई. वाऱ्यानं जाळ हालतो म्हून दार लावून घेते."

डॉक्टरांनी त्यांना जालन्याला पाठवून हृदयाची सोनोग्राफी करवली. दोघं रिपोर्ट घेऊन परत आले, तेव्हा फुप्फुसांतला दाब फार वाढलेला निघाला.

"पण मशीन तर बराबर दाखवतंय," पुंजाराम म्हणाले.

"ते अंगातला दाब दाखवतं, फुप्फुसातला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हृदयाची डावी बाजू सगळ्या अंगाला रक्त पुरवते, तिला जोर लागतो. उजवी बाजू तेवढंच रक्त फुप्फुसांत पाठवते, पण पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या दाबानं. तिथल्या नळ्या मोकळ्या आणि पातळ असतात. वाफ्याला पाणी कसं सोडता तुम्ही?"

"हळू. जोरात सोडलं तर वाफा फुटतो."

"तसंच आहे. धुरानं यांच्या नळ्या आवळल्या, काही बुजल्या. रक्त ढकलून ढकलून उजवी बाजू थकली. मागे रक्त तुंबलं, म्हणून पाय सुजले."

पुंजारामांनी बायकोच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "माह्या भाकरीपायी धूर गिळत राह्यली ही," ते म्हणाले.

मला फार लाज वाटली. मी खोटं बोललो नव्हतो, पण माझ्या खऱ्या आकड्यानेच त्यांना तीनदा दारातून परत पाठवलं होतं.

गेलेलं सगळं परत येत नाही. गोजरबाईंना आता घरी रोज ऑक्सिजन लावावा लागतो. भाकरी पुंजाराम थापतात, गॅसवर, दार उघडं ठेवून.

माझ्या जागी आता सेलवरचं यंत्र आलं आहे आणि मी कपाटात आहे. मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. घरात कुणाला धाप लागत असेल तर दवाखान्यात नुसता आकडा बघून उठू नका, डॉक्टर तपासेपर्यंत बसा. आणि चुलीपुढे कोण बसतं, तेही एकदा आत जाऊन बघा.

परवा गोजरबाई आल्या होत्या. फाटकापासून बाकापर्यंत येताना पूर्वी त्या तीनदा थांबत. या वेळी एकदाच थांबल्या, आणि पुंजारामही त्यांच्याबरोबर थांबले.